चौथी हाक

आसेगाव, २९ सप्टेंबर २०२४

ती. वर्षाताईस, भागवतचा सा. न.

सकाळी गोठा झाडला. दुपारी बाबांच्या ट्रॅक्टरला हँडल मारलं, सुरू झाला नाही. आता लिहायला बसलो. फोनवर बाबांचं नाव निघालं की माझा आवाज बसतो, म्हणून पत्र.

बाबा गेल्यापासून त्यांचं ते जुनं पेट्रोलचं इंजिन उघडून बसलो होतो. रिंगा नव्या टाकल्या, व्हॉल्व्ह घासले, कार्बोरेटर धुतला. तरी हँडल उलटं झटकतं आणि कार्बोरेटरमधून भडका येतो. मंगरूळपीरच्या मिस्त्रीचा हात डिझेलवर बसलेला; ट्रॅक्टरला स्पार्क प्लग असतात हेच त्याला नवल. पवन म्हणतो, दसऱ्याच्या पूजेपर्यंत सुरू झाला तर ठेवू, नाही तर भंगारवाल्याला देऊ. त्याचंही चूक नाही, शेडमध्ये जागा नाही.

वायरी मी जपून लावल्या आहेत. चार प्लगांजवळ बाबांनी आपली अक्षरं कोरलेली आहेत: रु, व, भा, प. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या गोल टोपीतही तशाच खोचल्या, आपण चौघं जन्मलो त्या क्रमाने. रुख्मिणीताईला विचारलं, तिला काही आठवत नाही. तुला आठवतं का?

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती असू दे.

तुझा भागवत

कामरगाव, ४ ऑक्टोबर

चि. भागवतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसली, मग रडली. अरे शहाण्या, मले दुसरा नंबर कोणी देला? बाबाच्या घरात मी कधी दुसरी होती? जेवाले हाक कशी यायची ते विसरला का? रुख्मे, भागवत, पवन, वर्षे! तुमच्या दोघांहून मोठी मी, अन् हाक सगळ्यात शेवटी. एकदा रुसून जेवलीच नाही. आईनं इचारलं, पोरीले काहून मागून बलावता, तर बाबा नुसते हसले. ते मले आजवर लागते.

अन् लिहिता लिहिता आठवलं. वायरी लावताना टॉर्च मीच धरत होती. तेव्हा बी बाबा टोपीवर बोट फिरवत हीच नावं याच क्रमानं म्हणत. तसं लावून पाह्य. नाहीच झाला सुरू, तर भंगारवाला कधी नेते ते मले सांगू नको.

तब्येत जप. पत्र धाडत जा, हात झिजत नाही.

तुझी मागून बलावलेली ताई

आसेगाव, १२ ऑक्टोबर, दसरा

ती. वर्षाताईस सा. न.

रुख्मिणीताईची वायर तशीच ठेवून बाकी तिघांच्या टोपीतल्या जागा बाबांच्या हाकेप्रमाणे बदलल्या. काल दुसऱ्याच हँडलला इंजिन लागलं. आज पूजेत पवनने स्वतः हार घातला, आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून फोन केला.

ताई, प्लग ओळीने पेटत नाहीत; पहिला, तिसरा, चौथा आणि मग दुसरा. हा क्रम विसरू नये म्हणून बाबा रोज जेवताना तो घोकत होते. दुसरं काही नव्हतं. मी चालत्या इंजिनाची तुझी वायर काढून पाहिली. अख्खा ट्रॅक्टर हुडहुडी भरल्यासारखा थरथरला. परत लावली तेव्हा कुठे शांत झाला. आणि टोपी गोल आहे. तुझ्यामागून लगेच रुख्मिणीताई.

तू रुसलीस, हे आमच्यावर उपकार झाले. नाही तर ती हाक कुणाच्याच ध्यानात राहिली नसती.

दिवाळीत ये, टॉर्च धरायला. तोवर लोभ कमी करू नको.

तुझा भागवत

ता. क. पवन वाशीमला गेला. मी शेडमध्ये जाऊन पेट्रोलचा कॉक बंद केला, ताडपत्री ओढली. आता हात धुऊन ताट वाढून घेतो.