गोष्टीत गेलेली आई

चिमणे,

मला मारलंस कशाला, ते आधी सांग. तुमच्या इंग्रजी विभागाच्या कार्यक्रमात तू गोष्ट वाचलीस, मला ओ की ठो कळलं नाही. शेजारी बसलेली बाई डोळे पुसत म्हणाली, "बिचारीची आई गेली हो, शिवणयंत्रावर बसल्या बसल्या." मी तिला माझा रुमाल दिला.

त्याच गोष्टीवर तुला परदेशी शिकायची संधी मिळाली. मग तुमच्या विभागाच्या सरांना तू माझी ओळख करून दिलीस, "ही माझी मावशी." मीही मान डोलावली. हसू की रडू, काही सुधरत नाही.

शनिवारी विभागात तुझा सत्कार आहे. आई म्हणून येऊ की मावशी म्हणून? शुक्रवारपर्यंत मला उत्तर पाहिजे.

तुझी,
अजून शिवत बसलेली आई