पायाळूचं सिझर

आई, काल दवाखान्यात तुझी इतकी आठवण झाली की मला माझाच राग आला. कात्रजहून दोघी मायलेकी आल्या होत्या. लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. आई म्हणजे चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशी. दिवस भरलेले आणि बाळ पोटात पायांवर. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघणं धोक्याचं, उद्या सिझर करू. त्यावर मावशी पिशवी उचलून उभ्याच राहिल्या. "सिझर नको. बाळ पायाळू हाय, नशिबाचं हाय. कापून काढलं तर पायाळूपण जातंय."

पायाळूची लाथ बसली की कंबरेची उसण जाते, हे मीही लहानपणापासून ऐकत आलेय. पण समाजसेवा विभागात इतकी वर्षं काढल्यावर भाषण तयारच असतं. मी सोनोग्राफी दाखवली, कागदावर चित्र काढलं, 'अंधश्रद्धा' म्हणताना टेबलावर हातसुद्धा आपटला. मावशींनी पिशवी काही खाली ठेवली नाही. लेक पोटावर हात ठेवून एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. या आता गेल्या, तर पोरीचं बाळंतपण घरातच होणार आणि त्यात काहीही होऊ शकतं.

आणि मग तू आठवलीस. कसबा पेठेतल्या त्या प्रसूतिगृहात तू आया होतीस आणि मी कॉलेजच्या सुट्टीत बायकांचे मदतीचे अर्ज भरून द्यायला यायचे. एकदा व्हरांड्यात बसलेल्या एका बाईला मी सगळ्यांदेखत विचारलं, "महिन्याचं उत्पन्न किती?" तू मला दंडाला धरून आत नेलंस. "वा! आता पेपरात छापून आण. अगं, गरीब माणूस पैसे नाहीत असं कधी म्हणत नाही, दुसरंच काहीतरी म्हणतं. आधी चहा दे, मग नीट ऐक." मी दोन दिवस तुझ्याशी बोलत नव्हते.

काल मी दार लोटलं आणि चहा मागवला. म्हटलं, "मावशी, गरजूंसाठी आमच्याकडे निधी असतो. ऑपरेशन, औषधं, खाट, सगळं त्यातून होतं. तुम्ही फक्त रेशनकार्ड आणा."

मावशींनी बशीतला चहा सावकाश संपवला. मग अगदी सहज विचारावं तसं म्हणाल्या, "सिझरमधी बाळ कुठनं धरत्यात? डोक्याकडनं का पायाकडनं?"

"असं बाळ असलं की पायाकडून."

"मग झालं की! पायाळूच ऱ्हातंय."

आज सकाळी मुलगी झाली. वजन बेताचं, आवाज मात्र दणदणीत. बाळंतीण गुंगीतही हसत होती. मावशींनी मला वाकायला लावून ते चिमुकलं पाऊल माझ्या कंबरेला टेकवलं, तर मागे तीन सिस्टर रांग लावून उभ्या! इतकी हसले मी, की डॉक्टर बघायला आले.

हे पत्र मी पाठवणार नाही, आई. पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. शेवटच्या आजारात तुला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "नको गं बाई, मला सुईची भीती वाटते." जन्मभर प्रसूतिगृहातल्या सुया उकळणारी तू! मी हसले होते, आणि खरं मानलं होतं.