पिवळ्या गुलाबाचा लिलाव

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. नमस्कार.

तू हसशील, पण लिहितो. लांब्या आणि मी चौदा वर्षं रोपवाटिका एकत्र चालवली, आणि आता पिवळा गुलाब कोणाचा यावरून कोर्टात गेलोय. निकाल लागेपर्यंत एकशेचाळीस कुंड्या जप्त झाल्यात. कोर्टामागच्या फरशीवर त्या उन्हात उभ्या आहेत. तिथला शिपाई भर दुपारी पानांवर बादली ओततो. तीस रोपं गेली. मी कोर्टातल्या साहेबांना म्हटलं, मला देऊ नका, त्यालाही देऊ नका, पण सकाळी पाणी तरी द्या. ते म्हणाले, अर्ज करा.

तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हसले, पोट धरून हसले. लहानपणी आपण बाहुली ओढली, तेव्हा पाय तुझ्याकडे आणि मुंडकं माझ्याकडे आलं. तुझ्यात फरक नाही. भांडण दोघांचं आणि तहान रोपांना!

एक खरं सांग. कलम करताना खुंटांत डोळे तू भरलेस हे मला माहीत आहे. पण ज्या झाडाचे डोळे काढलेस, ते कोणाचं होतं? वकिलाला नको, मला सांग. आणि जेवत जा. मागच्या फोटोत तू खुंटासारखा दिसतोस.

तुझी काळजी आणि खोड्या दोन्ही करणारी,
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. नमस्कार.

निकालाआधीच विकण्याचा हुकूम झाला. रोपं टिकणार नाहीत, पैसे कोर्टात राहतील, जिंकेल त्याला मिळतील. शनिवारी लिलाव झाला. न्हावी, दाताचे डॉक्टर, शाळेच्या बाई, सगळ्यांनी एकेक-दोनदोन नेली. कोर्टाचा बेलिफ प्रत्येक कुंडीतल्या काड्यांना ‘झाडू’ म्हणत होता. मी एका कोपऱ्यात बसलो होतो. समोरच्या कोपऱ्यात लांब्याही बसला होता. शेवटची वाकडी कुंडी कोणी घेईना, ती त्याने घेतली. मला बोली लावता आली असती. मानच आड आला.

आणि हो, मूळ झाड त्याचं होतं. त्याच्या आईनं लावलेलं.

तुझा,
खुंट


१८ मे

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तू पत्रात लिहिलंस की मान घरी ठेव आणि जा. नाही गेलो. पण काल त्याच्या गल्लीतून जाताना वर पाहिलं. त्याच्या गॅलरीत ती कुंडी, पानांवर काळे ठिपके, वरून फांद्या उंटाच्या मानेसारख्या वाढलेल्या. राहवेना. घरी जाऊन कात्री आणली आणि बेल वाजवली.

त्यानं दार उघडलं, कात्रीकडे पाहिलं आणि म्हणाला की सहा आठवडे लावलेस. मग बाजूला झाला. मी म्हटलं, छाटणी तुला कधीच जमली नाही. तो म्हणाला, म्हणूनच तर तुला भागीदार केलं होतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्या झाडाचे बारा डोळे नव्या खुंटांत भरले. त्याच्या आईचा विषय निघाला, तेव्हा दोघंही उगाच माती चाळत बसलो.

पुढच्या तारखेला एकाच बसने जाणार आहोत, खटला मागे घ्यायला. वकिलांना अजून सांगितलेलं नाही. तिकिटं कोणी काढायची यावर मात्र एकमत होत नाही. तुला पंच नेमलंय. निकाल लवकर कळव, आणि थोडी माया माझ्या बाजूने झुकू दे.

तुझा,
धाकटा