डावा कौल

७ मे

घेतली! एकदाची बोट घेतली!

नितेशचा मुरूडहून फोन आला तेव्हा मी पाहुण्यांना सोलकढी वाढत होते. "योगिनी, आपली झाली," एवढंच म्हणाला आणि हसतच सुटला. मी जागच्या जागी उडी मारली, कढी एका काकांच्या शर्टावर. काका बिचारे चांगले होते.

नितेश आणि मी मुंबई सोडून माझ्या माहेरी, नाटे गावात आलो, बाबांच्या घराशेजारी खानावळ टाकली, तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याचा एकच प्रश्न — ताई, डॉल्फिन बघायला बोट आहे का? आता आहे म्हणायचं. फक्त ती मुरूडला आहे, आणि मधे अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा पडलाय.

८ मे

घरात महाभारत. बोट आणायची कोणी?

नितेश म्हणतो मी. नितेश पालीचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. गेल्या वर्षी रीतसर शिकून बोट चालवायचा परवाना काढलाय, तो सारखा दाखवत असतो. बाबा म्हणतात, "कागद पान्यात भिजतो." बाबा जन्मभर तांडेल. होडीवर त्यांचा शब्द शेवटचा. पण दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली, हृदयात नळी बसवली, डॉक्टरांनी दगदग बंद केली. त्याच महिन्यात होडी विकली. तेव्हापासून रोज बंदरावर जातात आणि दुसऱ्यांच्या होड्यांना नावं ठेवून येतात.

मी म्हटलं, सरळ ट्रकवर टाकून आणूया. दोघांनी एकदम माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चोरी करायला सांगितली.

"बोट काय म्हस हाय, टेम्पोत घालून आनायला?" — बाबा.

"अगं, लोक काय म्हणतील? धक्क्यावर पाण्यातून यायला पाहिजे ती." — हा पालीचा! सासरा-जावयाचं लग्नानंतर पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझ्या विरुद्ध.

शेवटी ठरलं असं: बाबा तांडेल, नितेश त्यांच्या हाताखाली, आणि इंजिनाला आमच्या वाडीतला बाळा. तो ट्रॉलरवर काम करतो, इंजिनाशी बायकोपेक्षा जास्त बोलतो.

मी डॉक्टरांचा नंबर शोधून ठेवला. 

९ मे

खानावळीच्या टेबलावर नकाशा. पहिला मुक्काम हर्णै, दुसरा जयगड, तिसऱ्या दिवशी घर. नितेश मोबाइलवर रेघ ओढतो, बाबा बोटाने नकाशावर टकटक करतात — "हितं खडप हाय, पान्याखाली खडक. हितं लांबून घ्यायचा." डिझेल कुठे भरायचं, वारा आला तर कुठल्या खाडीत शिरायचं, सगळं लिहून झालं. ऐकताना बाबा दहा वर्षांनी लहान वाटत होते, मान्य आहे. पण हात छातीवर जातोय तो मलाच का दिसतो? आईला दिसत नाही? की दिसतं आणि ती बोलत नाही?

महिनाअखेर लहान बोटी पावसाळ्यासाठी बंद होतात. शिवाय मुरूडचा बोटवाला म्हणतो, वीस तारखेनंतर माझ्या धक्क्यावर ठेवायची नाही. म्हणजे आत्ताच. म्हणजे हवा कशीही असली तरी.

१० मे

डॉक्टरांना फोन केला, चोरून. "समुद्रात? तीन दिवस? तुम्ही मला विचारताय तरी कशाला?" खेकसलेच.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "डाक्टर कदी होडीत बसलाय?" वर म्हणाले, मला कोणी थांबवणार असेल तर ती वरची. देवीचा कौल लावल्याशिवाय मी कधी होडीत पाय टाकला नाही, याही खेपेला टाकणार नाही. ती डावं म्हणाली तर गप बसेन.

देऊळ वर सड्यावर, गावामागच्या पठारावर; बाबांना त्या पायऱ्या चढायची मनाई. नितेशचा विश्वास नाही. म्हणजे कौल लावायला जाणार मी.

१२ मे

हे कुठे तरी लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी नारळ घेऊन सड्यावर गेले. कातळ नुसता तापलेला, चपलेतून चटके. रघू गुरव एकटाच होता. त्याने देवीला पाणी घातलं, ओल्या पाषाणावर दोन्ही अंगांना फुलाचे कळे चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं — "बाय माझे, तुझा लेकरू विठू दर्यात जातो हाय, बोट घेऊन येतो हाय. सुखरूप घेऊन येनार आसंल तर उजवा दी. नसंल तर डावा दी." एरवी दहा माणसं असतात "व्हय म्हाराजा" म्हणायला. आज मी एकटीच. माझाच आवाज मला चोरट्यासारखा वाटला.

मी मनात म्हणत होते — डावा दे. बाई, डावा दे. मी ओटी भरेन.

उजवा पडला. वाट बघायलाही लावली नाही तिने! टपकन उजवा.

रघूला आनंद. "विठूला सांग, देवी संगती हाय." मी पायऱ्या उतरले आणि खालपर्यंत येता येता ठरलं माझं. परत वर गेले. रघूला म्हटलं, रघूदादा, हे कोणाला सांगू नका. तो नारळाची शेंडी सोलत म्हणाला, "मी खोटा बोलनार नाय हां. कोनी इचारला तर सांगनार. नाय इचारला तर नाय."

घरी आले. बाबा ओटीवर, पाय खाली सोडून, वाटच बघत बसलेले. मी म्हटलं —

"डावा."

बाबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "बरा," म्हणाले. बस्स, एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं. एवढे शांत मी त्यांना बघितलेच नव्हते.

मी देवीच्या नावाने खोटं बोलले. मी! जिला लहानपणी देवळात शिंक आली तरी भीती वाटायची.

१३ मे

बाबा वाचले, असं मनाला सांगत कोलंब्या सोलल्या. बोटं सुजली.

संध्याकाळी नितेशने बॉम्ब टाकला. तो आणि बाळा जाणार. "कौल बाबांसाठी लावला ना? माझ्यासाठी कोणी विचारलंच नाही. आणि मी मानत पण नाही." मी म्हटलं पुढच्या मोसमात आणू. म्हणाला, चार महिने पावसात उघड्यावर ठेवू? मी म्हटलं ट्रक. तो हसला. मी ओरडले. आई मधे पडली. बाबा म्हणाले, "जाऊ दी त्याला," आणि उठून बंदरावर गेले.

मला वाटलं होतं बाबा नाहीत म्हटल्यावर सगळंच थांबेल. कसली अक्कल माझी!

१४ मे

गेले. एस.टी.ने. आईने वेशीपर्यंत जाऊन दोघांच्या हातावर दही ठेवलं. बाबांनी नारळ दिला, "हर्नैच्या म्होरं सोड," म्हणाले. नितेशच्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी, आणि काढायलाच तयार नाहीत. बस हॉर्न मारत होती.

१५ मे

मुरूडहून निघाले. दुपारी फोन — पाणी मऊ आहे, इंजिन छान, "योगिनी, उडणारे मासे दिसले!" अंधार पडायच्या आत हर्णैला पोचले. भाकरी खाल्ली का विचारलं तर म्हणे बिर्याणी खाल्ली. खाऊ दे. काय हवं ते खाऊ दे.

आज पहिल्यांदा नीट झोप लागेल.

१६ मे

सकाळी हर्णैहून निघाले. टीव्हीवर सांगतात — समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी जाऊ नये. आत्ता सांगता? निघाल्यावर?

दुपारपर्यंत जयगडला पोचायला हवे होते. फोन बंद. बाळाचा पण बंद. दक्षिणेचा वारा सुटलाय, माडांची झावळं एका बाजूला पिंजल्यासारखी. म्हणजे त्यांच्या अगदी तोंडावर.

खानावळीत बारा माणसं जेवायला. मी भात दोनदा करपवला. कोणी तरी विचारलं, "ताई, तुमची बोट कधी येणार?" मी आत जाऊन पिठाच्या डब्यात हात घालून उभी राहिले.

१६ मे, संध्याकाळ

नाही. अजून नाही.

जयगडच्या बंदरात ओळखीतून विचारलं. अशी कुठली बोट आली नाही म्हणाले. पोलिसांनी नंबर घेतला, "वाट बघा" म्हणाले. वाटच बघतेय ना!

आता खरं लिहिते. कौल उजवा होता. बाबा गेले तर बोट सुखरूप येईल, असं तिने साफ सांगितलं होतं. मी बाबांना उचलून बाजूला ठेवलं आणि नितेशला एकट्याला पुढे ढकललं. मला बाप हवा होता म्हणून मी नवरा दिला. मी कौल मानत नाही, असं आत्ता म्हणून बघितलं. म्हणता येत नाही. आज मी सगळं मानते!

आणि बाबा कुठे? पाच वाजता लक्षात आलं की ते घरात नाहीत, बंदरावर नाहीत. शेजारची तुळसाकाकी म्हणाली, सड्याच्या पायऱ्या चढताना दिसले. मी धावत सुटले. छातीचं दुखणं घेऊन तो माणूस एवढ्या पायऱ्या! आणि वर रघू! रघूला काही विचारलं तर संपलंच.

निम्म्या वाटेवर भेटले, खाली येत होते. घामाने निथळत, कठड्याला धरून. कपाळाला देवीचा अंगारा. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, काही कळतंय का. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. हात पुढे केला, मी धरला, आणि आम्ही दोघं एकेक पायरी उतरत घरी आलो. त्यांचा हात गार होता.

१७ मे

आहेत! जिवंत आहेत!

सकाळी अनोळखी नंबर. नितेशचा आवाज, घसा बसलेला. डिझेलमध्ये कचरा, इंजिन सारखं बंद पडत होतं, वर लाटा. बाळाने कसंबसं चालू ठेवलं आणि यांनी पुढे जायचं सोडून दाभोळच्या खाडीत आत घेतली. दोन्ही फोन भिजले. रात्र खाडीत, एका मच्छीमाराच्या होडीला दोर बांधून. "मी घाबरलो होतो गं," म्हणाला. मी म्हटलं गाढवा, गाढवा, गाढवा. दुसरं काही सुचलंच नाही. मग दोघंही रडलो, आणि ज्याचा फोन होता तो बिचारा मधेच म्हणाला, "वहिनी, बॅलन्स संपतो हाय."

बाबांना सांगायला गेले. ते पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभे होते. तांब्या खाली ठेवला, भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. मला वाटलं छातीत कळ आली! पण नाही. नुसते बसले. आईने वारा घातला.

१८ मे

वारा पडला. जयगडला पोचले. मी ट्रक पाठवते म्हटलं. "आता? आता कशाला?" म्हणे. म्हशी परवडल्या.

१९ मे

आली. पाण्यातून आली!

अख्खी वाडी धक्क्यावर. बोट पांढरी, निळा पट्टा, फोटोत दिसायची त्यापेक्षा लहान. नितेश काळा ठिक्कर, ओठ फुटलेले, दात तेवढे दिसतात. आईने भाकरतुकडा ओवाळून पाण्यात टाकला. बाबा थांबलेच नाहीत, धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि बोटीचा दोर धरला. नितेश उतरून त्यांच्या पाया पडायला वाकला — "बाबा, तुम्ही असता तर एवढं झालंच नसतं." बाबा केवढ्याने तरी खेकसले, "गप रव! आनलीस न्हवं? तूच आनलीस!" लोक हसले, म्हातारा जळतो म्हणाले.

मी हसले नाही. देवीची ओटी भरली, पण तिच्याकडे बघवेना. उद्या बाबांना सगळं सांगणार. काय व्हायचं ते होऊ दे.

२० मे

बाबा ओटीवर एकटेच होते. मी जाऊन समोर बसले. तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले —

"उजवा व्हता. रघूला मी त्याच सांजेला, पोरं जायच्या आदीच, बंदरावर इचारलेला."

 ते अंगणाकडे बघत राहिले.

"तू डावा म्हनालीस नि मला सुटल्यासारखा झाला. भ्या वाटत व्हता गो मला दर्याचा. नळी टाकल्यापासून वाटतो. कोनाला सांगनार? देवी जा म्हनाली, तरी मी बसलो. आन् त्या पोराला जाऊ दिला."

नितेशला सांगू नको म्हणाले. मी हो म्हटलं.