इतिवृत्तातली दुरुस्ती

प्रिय छकुले,

चाळिशी ओलांडलेल्या बाईला छकुली काय म्हणता, असं म्हणशील. पण दुसऱ्या नावाने पत्र सुरूच होईना. तीन कागद फाडले, मग हट्ट सोडला.

आपल्या चर्चची मंडळी बंद झाली. मागच्या रविवारी शेवटची उपासना. आम्ही एकोणीस जण होतो. ऑर्गनची ती पट्टी अजून अडकते. शेवटच्या गीतातही अडकली आणि सगळे सवयीने तिथे क्षणभर थांबले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आपल्या घड्याळजींना आता अजिबात ऐकू येत नाही, तरी तेही बरोबर थांबले. मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

प्रिस्बिटेरीने, म्हणजे सगळ्या मंडळ्यांच्या वरच्या सभेने, बैठकांची जुनी इतिवृत्तं मागवली आहेत, म्हणून चौदाही वह्या घरी आणल्या. तुझी आई गेल्यापासून घरात आवाज असा नाहीच, तेव्हा मी त्या मोठ्याने वाचत बसलो. अकरा कुटुंबांनी सुताराच्या कारखान्यात केलेली पहिली उपासना, त्याच्याच कामाच्या बाकापासून बनवलेलं व्यासपीठ, छपरावरून झालेली भांडणं, सगळं आहे. आपल्यात बिशप नाही. मंडळी आपल्यातूनच कारभार पाहणारे ‘वडील’ निवडते, ते आणि पाळक एकत्र बसून ठरवतात. एकट्याच्या मर्जीने काही होत नाही, याचा मला केवढा तोरा होता! पण मग दोष द्यायलाही एकटा माणूस सापडत नाही, हे ध्यानात यायला फार वर्षं गेली.

नवव्या वहीत तुझं पान आलं.

तुझं लग्न मंडळीबाहेरच्या माणसाशी, म्हणून ते आपल्या चर्चमध्ये लावू द्यायचं नाही, असा ठराव झाला. मी चिटणीस. ‘एकमताने मंजूर’ असं मी लिहिलं, सही केली आणि नियमाप्रमाणे नक्कल तुझ्या हातात दिली. तू ती वाचलीस आणि एवढंच म्हणालीस, ‘‘बाबा, अक्षर नेहमीसारखंच छान आलंय.’’ त्या वाक्याने बावीस वर्षं माझी पाठ सोडली नाही.

छकुले, ते एकमत नव्हतं. आम्ही सहा जण होतो, हात पाच वर गेले. माझ्या हातात पेन होतं. पोटच्या पोरीची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून मी तोंड उघडलं नाही, आणि वर एकमत लिहून मोकळा झालो. पुढच्या सभेत रिवाजाप्रमाणे तेच इतिवृत्त मी वाचून दाखवलं, ‘काही दुरुस्ती?’ असं मीच विचारलं, आणि मीच गप्प बसलो. एवढा भित्रा माणूस तुझा बाप होता. तुझ्या आईलाही हे सांगितलं नाही.

मंगळवारी वडीलमंडळाची अखेरची सभा झाली. घड्याळजी, शाळेतल्या बाई, पाळकसाहेब आणि मी. मी उभा राहून दुरुस्ती मागितली. घड्याळजींसाठी सगळं पाटीवर लिहावं लागलं. त्यांनी ते वाचलं आणि सगळ्यांत आधी हात वर केला. त्या वेळच्या पाचांतला एक हात त्यांचा होता. समासात आता लाल शाईने आहे: ‘पाच जणांची संमती. चिटणिसाने हात वर केला नाही, विरोधही केला नाही. एकमत ही नोंद चुकीची.’ नक्कल सोबत जोडली आहे. अक्षर या वेळी छान नाही.

आता कामाचं. मंडळी मिटली की प्रत्येकाला दुसऱ्या मंडळीत जाण्यासाठी बदलीपत्र द्यावं लागतं. अठरा पत्रं लिहून वाटली. एकोणिसावं माझं. त्यात ‘कोणत्या मंडळीकडे’ ही ओळ असते. पाळकसाहेब म्हणाले, जवळची कुठली तरी लिहा. मी ती कोरी ठेवली आहे. तुमच्या घराजवळ एखादं चर्च असेल, आणि मी तिथे मागच्या बाकावर येऊन बसलेलं तुम्हा दोघांना चालणार असेल, तर त्याचं नाव कळव. नाही कळवलंस तरी तुझी चूक नाही, हे मी आधीच लिहून ठेवतो.

तुझाच,
बाबा