घोडी माझी, ऐकते सेलिनचं

९ जानेवारी १९८१, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. कारण मोठं काम अंगावर घेतलंय. इथे बहारीनमध्ये, जनाबियातल्या ज्या तबेल्यात मी स्टोअर्स क्लार्क आहे, तिथे एक रानटी घोडी आलीय. मालकाने वाळवंटात कुंपण घालून मोकळी सोडली होती, माणसाचा हात म्हणून लागलेला नाही. आता त्याला ती नकोय. मॅनेजर म्हणाले, माणसाळली तर चांगलं घर बघून फुकट देऊ. फेब्रुवारी संपेपर्यंत नाही जमलं तर मालक गोळी घालणार.
मी हात वर केला. माझे आजोबा वसईला टांगा हाकायचे. घोडा आमच्या रक्तात आहे. नाव ठेवलं, क्वीन.

११ जानेवारी
कुंपणात शिरलो. नजरेला नजर भिडवली. मालक कोण, हे जनावराला पहिल्याच दिवशी कळायला हवं. कळलं. मी कुंपणावरून बाहेर आलो. पँट फाटली. तशी जुनीच होती.

१६ जानेवारी, शुक्रवार
बायको, सेलिन, डबा घेऊन आली. रात्रभर मुलांच्या वॉर्डात ड्यूटी करून आली होती, नर्सबाईंना उभंही राहवत नव्हतं. मी नको म्हणेपर्यंत आत शिरली, बादली उपडी टाकली, घोडीकडे पाठ करून बसली आणि मटार सोलायला लागली. थोड्या वेळाने क्वीन हळूहळू आली आणि तिचे केस हुंगले. सेलिनने मागे वळूनही बघितलं नाही.
नवख्यांचं नशीब. शिवाय माझी आधीची मेहनत होतीच.

२० जानेवारी
सेलिन रोज येते. घोडीला ‘बाय’ म्हणते. आमच्याकडे घरातल्या पोरींना म्हणतात तसं. मी समजावलं, दोन नावांनी जनावराचा गोंधळ होतो. बघ ना, ‘क्वीन’ म्हटलं की ती माझ्याकडे शेपूट करते आणि ‘बाय’ म्हटलं की कान टवकारते. गोंधळच झालाय.

२७ जानेवारी
सेलिनने म्होरकी घातली. घोडीने स्वतःहून मान खाली केली. मॅनेजरने सेलिनसाठी चहा मागवला. मला इतक्या वर्षांत कधी विचारलेला नाही.
घरी बांगड्याचं कालवण. मी म्हटलं, झकास झालंय. तिने विचारलं, बायला गाजर जास्त आवडेल की खजूर? लग्न झाल्यापासून मला काय आवडतं, हे तिने एकदाही विचारलेलं नाही. म्हणजे विचारलं असेल. पण असं नाही.

३ फेब्रुवारी
सेलिनला तबेला बंद. ड्यूटी करून दमते बिचारी. ही काळजी आहे. कुणी मत्सर म्हणेल, पण मत्सर आणि घोडीचा? आणि नेमका कुणाचा? घोडीचा की सेलिनचा? हसूच येतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
क्वीन चाऱ्याला तोंड लावत नाही. दिवसभर फाटकाकडे बघत उभी. वारा सुटलाय, त्यामुळे असेल.

८ फेब्रुवारी
शास्त्रीय प्रयोग. सेलिनचं निळं कार्डिगन घालून कुंपणात गेलो. क्वीन धावत आली, छातीशी नाक लावलं. किती बरं वाटलं ते लिहीत नाही. मग तिने वर बघितलं. बाहीचा लचका तोडून ती निघून गेली.
सेलिनने विचारलं, कार्डिगन तबेल्यात गेलंच कसं? मी म्हटलं, तेच मला कळत नाही. ती चपला घालून तबेल्याकडे गेली. बंदी उठवली. माझ्याच मर्जीने.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
खदिजाबाई घोडी बघायला आल्या. शाळेत शिकवतात, बुदैयाला त्यांची बाग आहे. त्यांनी विचारलं, हिला तयार कुणी केलं? सेलिन पटकन म्हणाली, माझ्या नवऱ्याने. मी नाही म्हटलं नाही. उलट आजोबांच्या टांग्याबद्दल सांगितलं.
मग बाई म्हणाल्या, यल्ला, चढवा ट्रेलरमध्ये.
मी दोरी ओढली. क्वीन मागे सरली. मी जोर केला, ती उधळली. तळहात सोलला. घोडी घामाने भिजली होती, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. खदिजाबाई मॅनेजरला हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. त्यातलं ‘मफी फायदा’, म्हणजे काही उपयोग नाही, एवढं मला कळलं. मॅनेजरने माझ्याकडे बघायचं टाळलं. मालकाची गोळी आठवली.
दोरी सेलिनच्या हातात दिली. म्हणालो, “बाई, हिला सेलिनने तयार केलंय. माझं ती काही ऐकत नाही.”
सेलिनने दोरी सैल सोडली, एकटीच ट्रेलरमध्ये चढली आणि पाठमोरी उभी राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग बायने एक पाऊल वर टाकलं.
(वर ‘बाय’ लिहिलं गेलं. राहू दे.)
खदिजाबाई म्हणाल्या, खलास, ठरलं, आजच नेते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
सेलिन सकाळपासून रडतेय. चर्चमध्ये मिसेतही रडली. मी रजेवर एकटाच वसईला गेलो होतो, तेव्हा एअरपोर्टवर हिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आज न राहवून विचारलं.
म्हणाली, “तू परत येणार होतास.”
ही तारीफ की तक्रार, हे जेवण होईपर्यंत ठरवत होतो. ठरलं नाही. भांडी मी घासली.