रुचिराताईची प्रश्नावली

१२ ऑक्टोबर
आले बाबा एकदाची मुलुंडला! खोली झकास आहे. खिडकीत बदामाचं झाड आणि घरमालकीण वसुधाकाकूंच्या चहात भरपूर आलं. खोलीतली जोडीदारीण रुचिराताई मानसशास्त्र शिकते. दोनदा पेपर अर्धा टाकून घाबरून उठून आली होती म्हणे. नखं कुरतडून बोटं पार सोललीत बिचारीची. मी एम.ए. करून देवगडच्या कॉलेजात शिकवणार, असं आईला सांगून आलेय. नापास व्हायची सोयच नाही.

१५ ऑक्टोबर
कोणत्या स्वभावाची मुलं परीक्षेला कसं तोंड देतात, असा ताईचा प्रकल्प आहे. पन्नास प्रश्नांची प्रश्नावली तिने मला दिली, मी मन लावून भरली. पहाटे उठता? नेहमी. वाचलेलं लक्षात राहतं? नेहमी. पेपर हातात आल्यावर शांत राहता? नेहमी. इतकं खरं कुणी लिहीत नाही गं, असं म्हणून तिने खाली माझी सही घेतली. मला मोठी बहीणच मिळाली.

२३ ऑक्टोबर
सलग चौथ्या दिवशी नऊला जाग आली. मी, जी गजराशिवाय पाचला उठते! ताई मात्र हल्ली पाचपासून अभ्यासाला बसते. बरंच झालं तिचं.

१ नोव्हेंबर
काल पाठ केलेलं आज सगळं कोरं. ताईला सांगितलं, तर तिनेच ते घडाघडा म्हणून दाखवलं. माझा विषय, माझं पुस्तक. आणि मधेच वेणीचं टोक ओढत होती, अगदी माझ्यासारखं.

६ नोव्हेंबर
आईला फोन केला. "आत्ताच बोललंस ना गो माझ्या वांगडा?" म्हणाली.
मी नव्हते बोलले तिच्याशी.
बोटं चुरचुरतायत. नखं कुरतडायची सवय मला कधी –

९ नोव्हेंबर
आज पेपर. ताई नाही. माझं हॉलतिकीटही नाही. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, कल्पिता मघाशीच पाया पडून पेपरला गेली, तू का नाही गेलीस रुचिरा?
मी कल्पिता. मी –
तिच्या गादीखाली प्रश्नावली सापडली. एकोणपन्नास उत्तरांवर लाल रेघ. सगळी माझ्या हातची, माझ्या सहीची. ताई म्हणत होते मी तिला. सगळं खरं सांगितलं –
एकच उरलंय. पन्नासावं. खूप भीती वाटली की काय करता?
मी लिहिलंय, रोजनिशी लि